चतुराबाईच्या नावाचे ग्लास

५ जानेवारी, रविवार

आज बंकटच्या हॉटेलात एकदाचं ठरलं. कॅसेट कट्ट्यावर आम्ही नऊजण दोन वर्षं नुसती तोंडाची वाफ दवडतोय. आता निकाल लावायचा. १९९१ ते २००० या दशकातली सगळ्यात भारी कॅसेट कोणती? सिनेमाच्या नाहीत, तो घोळच नको. आपल्या इकडे निघालेल्या, एसटी स्टँडवर विकल्या गेलेल्या.

नियम बंकटने केले, कारण टेप त्याचा आणि चहाही त्याचा. चार कॅसेटी निवडायच्या, दर रविवारी दुपारी दोन समोरासमोर. दोन्हींची एकेक बाजू ऐकायची, मग भांडायचं, मग चहा. चहा संपला की ज्याने त्याने आपला रिकामा ग्लास आपल्या आवडत्या कॅसेटपुढे ठेवायचा. जिच्यापुढे ग्लास जास्त, ती पुढे.

विजयसिंहने अर्थातच ‘गल्लीतली कव्वाली’ पुढे केली. तालेवार घरचा, घरात भिंतीएवढे स्पीकर, त्यामुळे गाण्यातलं कळतं असा त्याचा समज आहे. मी ‘कोयत्याची किनकिन’ ठेवली. लिंबागणेशच्या जत्रेत घेतली होती. ऊस तोडणाऱ्या बायकांची गाणी आणि चतुराबाईचा तो खरखरीत, पोटातून येणारा आवाज. दुसऱ्या बाजूला एका गाण्यात मागे लेकरू रडताना ऐकू येतं, ते कुणी काढून टाकलेलं नाही. मी फ्लेक्स छापतो, गाण्यातला पंडित नाही. पण ही कॅसेट ऐकून ज्याला काही होत नाही त्याच्या कानात बोळे आहेत असं मी समजतो.

मनिषा म्हणाली, “शाळेतली पोरं बरी तुमच्यापेक्षा.” म्हणू दे. बायकोने म्हणायचंच असतं.

१२ जानेवारी, रविवार

जिंकलो! पण जरा विचित्र झालं.

समोर ‘लग्नघाई’ ही बँडची कॅसेट होती. ती वाजली तेव्हा सगळे माना डोलवत होते. माझी वाजली तेव्हा दोघे मोबाईल बघत बसले. वर विजयसिंह म्हणाला, “कोन बे ही चतुराबाई? एक कॅसेट काढली अन् गायब. दम असता तर दुसरी आली असती का न्हाई? रडकं गानं, रडका आवाज.”

सगळे हसले. बंकटसुद्धा हसला. माझं डोकं सणकलं आणि तोंडातून निघून गेलं, “दुसरी कुठनं येईल? गेली ती. मेलेल्या बाईबद्दल तरी नीट बोल बे.”

विजयसिंहने कानाची पाळी धरली. बंकटने टेप बंद केला. “कवा गेली?” कुणीतरी विचारलं. मी म्हणालो, “झाले काही दिवस.”

मग ग्लास ठेवायची वेळ आली. सात ग्लास चतुराबाईपुढे!

मला खरंच वाटत होतं की ती नसणार. मागे कुणीतरी ती आजारी आहे म्हणालं होतं. आणि इतक्या वर्षांत कुठे नाव नाही, गाव नाही. म्हणजे मी अगदीच खोटं बोललो असं नाही.

१३ जानेवारी, सोमवार

सकाळी विजयसिंह दुकानात आला. रात्रभर झोप नाही म्हणाला. “मेलेल्या बाईला रडकी म्हनलो. पाप लागंल मला. बोर्ड लावू आपन कट्ट्याच्या नावानं.”

मी काय म्हणणार? फ्लेक्स छापणं माझा धंदाच आहे. कॅसेटच्या कव्हरवरचा तिचा फोटो स्कॅन केला, डोक्यावरचा पदर नीट दिसेल असा मोठा केला. मागे निळं आकाश, दोन पणत्या, खाली आम्हा नऊजणांचे फोटो. मजकूर विजयसिंहने सांगितला: “कोयत्याची किनकिन थांबली. मराठवाड्याची कोकिळा कै. चतुराबाई यांना भावपूर्ण श्रद्धांजली.” कोपऱ्यात नेहमीप्रमाणे माझ्या दुकानाचं नाव आणि नंबर. दुपारी चौकात चढवला.

फोटो छान आला आहे. तरुण दिसते. असं म्हणू नये, पण माझ्या हातचा हा सगळ्यात चांगला बोर्ड असेल.

१५ जानेवारी, बुधवार

मनिषा हळदीकुंकवाहून आली ती चपला काढायच्या आधी म्हणाली, “अहो, ती बाई जिती हाय.”

शेजारच्या रुक्मिणीबाईंची सून वर्षाराणी कोल्हापूरकडे ऊसतोडीला गेली आहे. चतुराबाई त्याच टोळीत. काल रात्री वर्षाराणीने सासूला फोन केला तेव्हा म्हणे शेजारीच बसून भाकरी थापत होती.

मी म्हणालो, “नाव सारखं असेल.”

“गानारी चतुराबाई, कॅसेटवाली. किती चतुराबाई हायत तुमच्याकडं?”

मी जेवायला बसलो. भाजी कशी होती कळलं नाही. मनिषा म्हणाली, “बोर्ड काढा आधी.” आता एकदम कसा काढणार? काढला तर का काढला विचारतील. विजयसिंह मला चौकात उभं करून सोलेल. आणि चतुराबाईचे सात ग्लास? ती बाहेर. इतकी चांगली कॅसेट माझ्या एका शब्दापायी बाहेर! उलट मी तिच्यावर अन्यायच करेन. सव्वीसला अंतिम फेरी आहे. ती झाली की त्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाकेन. इतक्या दिवसांत कुणाचं काय बिघडतंय? ती तिकडे उसाच्या फडात, बोर्ड इकडे चौकात.

हे मनिषाला सांगितलं. ती ताटं उचलून आत गेली. पटलं असावं.

१९ जानेवारी, रविवार

कव्वाली जिंकली, अपेक्षेप्रमाणे. म्हणजे सव्वीसला आमनेसामने.

बोर्डाचा फोटो मोबाईलवर फार फिरतोय. गेवराई, माजलगाव, कुठून कुठून येतोय. लोक खाली हात जोडलेली चित्रं टाकतात. एकाने लिहिलंय, ‘कलाकार मेल्यावरच कळतो.’ वाचून आधी मोबाईल उपडा ठेवला. तरी मी पण हात जोडले, नाहीतर दिसलं असतं की मीच जोडले नाहीत.

२० जानेवारी, सोमवार

हे लिहू नये असं वाटतंय. पण दुसरीकडे कुठे सांगू?

दुपारी फोन आला. “फ्लेक्सवाले का? मी उमापूरवरून शहादेव बोलतो. तुमचा नंबर बोर्डावर हाय. त्या बोर्डावरली बाई माझी बहीन हाय, पाव्हनं. खरं हाय का हे?”

समोर विजयसिंह बसलेला, वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी स्वतःचे फोटो निवडत. गॉगल घालून की बिनगॉगलचा, यावर अडलेला. मी खुर्ची थोडी वळवली.

शहादेव बोलतच होता. “आमचं बोलनं न्हाई. लई वरसं झाली. तिचा फोटू कॅसेटवर आला, पानटपरीवर टांगलेला दिसला, माझं डोकं फिरलं. गावात तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाईस म्हनलो. मला तू मेलीस म्हनलो, आन् सासरी धाडून दिली. पुन्हा राखीला बलावली न्हाई. मीच म्हनलो होतो, पाव्हनं, मेलीस म्हनून. माझ्याच तोंडाचं खरं झालं का हो?”

म्हातारा माणूस. फोनवर असा रडत होता की मी मोबाईल कानापासून लांब धरला, विजयसिंहला ऐकू जाईल म्हणून.

एक वाक्य बोलायचं होतं. काका, ती जिवंत आहे, माझी चूक झाली. विजयसिंहने मान वर केली, “कोन हाय?” आणि मी फोनात म्हणालो, “असंच कळलंय हो.”

“कवा गेली?”

“नक्की सांगता यायचं नाही.”

त्याने फोन ठेवला. विजयसिंह गॉगलवर पक्का झाला. तो गेल्यावर मी मोबाईल हातात घेतला, नंबर काढला आणि परत खिशात ठेवला. आता फोन केला तर म्हणेल, मग मघाशी का नाही बोललास? त्याला काय उत्तर द्यायचं?

मी वाईट माणूस आहे असं मला आजवर वाटलेलं नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

दोन दिवस गिऱ्हाइकाशी धड बोललो नाही. एका बारशाच्या बोर्डावर चुकून पणत्या टाकल्या, ते लोक मारायला उठले.

शेवटी आज सकाळी दुकान उघडायच्या आधी मन घट्ट करून उमापूरला फोन लावला. त्याच्या बायकोने उचलला. “त्ये गंगंवर गेल्यात. काल सांजच्यालाच गेले. केस उतरवून डोकं कराया. सासरचे काय करतील न करतील, मी माझ्या हातानं बहिनीला पानी सोडतो म्हनले. तुमी कोन?”

“काही नाही, सहज.”

सहज! असा शब्द माझ्या तोंडात आलाच कसा? म्हातारा गोदावरीत थंडीत उभा राहून जिवंत बहिणीच्या नावाने पाणी सोडतोय, आणि मी म्हणतो सहज.

मनिषाला सांगितलं. मला वाटलं ओरडेल. तिने फक्त विचारलं, “त्यांचा नंबर हाय ना तुमच्याकडं?” मी म्हणालो, आहे, पण आता काय उपयोग?

२४ जानेवारी, शुक्रवार

मनिषा दुपारभर वर्षाराणीशी फोनवर बोलत होती. बायकांना एवढं काय बोलायला असतं देव जाणे. मध्येच माझा मोबाईल मागून नेला, तिचा रिचार्ज संपला म्हणे. मी इथे तळमळतोय आणि हिच्या गप्पा चालू आहेत. या घरात माझा जीव कुणाला कळत नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झालं आणि दुपारी बंकटच्या हॉटेलात गर्दी. कट्ट्याबाहेरचे लोकही आले होते, बोर्डामुळे. टेपशेजारी चतुराबाईच्या कव्हरला कुणीतरी झेंडूचा हार घातलेला. मी तो काढायला हात पुढे केला आणि बंकट म्हणाला, “ऱ्हाऊ दे की. तूच तर सांगितलंस.”

मी पाठ करून गेलो होतो. ‘मित्रांनो, माझी एक चूक झाली आहे.’ एवढंच म्हणायचं होतं. आधी कॅसेट वाजली. सगळे माना खाली घालून ऐकत होते. लेकरू रडतं ती जागा आली आणि विजयसिंह, तो विजयसिंह, डोळे पुसायला लागला. उठून म्हणाला, “सोमेश्वर, मी हरलो. माझा बी ग्लास हिलाच.”

नऊच्या नऊ ग्लास. माझा सुद्धा. ठेवताना ग्लास दुसऱ्याला लागून वाजला.

मग मला बोलायला उभं केलं. मी म्हणालो, “धन्यवाद.” आणि खाली बसलो.

संध्याकाळी शिडी लावून बोर्ड स्वतः उतरवला. कुणी विचारलंच नाही. अंतिम फेरी झाली, बोर्डाचं काम झालं असं त्यांना वाटलं. घडी करताना तिचा चेहरा मध्यातून दुमडत होता, म्हणून गुंडाळी केली आणि दुकानाच्या माळ्यावर टाकली. या दशकातली सगळ्यात भारी कॅसेट ‘कोयत्याची किनकिन’. दोन वर्षं हेच म्हणत होतो. आज कुणी नाही म्हणत नाही आणि मला ती लावायची हिंमत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

उमापूरचा नंबर दोनदा वाजला. उचलला नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा उमापूर. मोबाईल गल्ल्यात टाकून गल्ला लावून घेतला. आतून घुर्र घुर्र करत होता. मनिषा म्हणाली, “उचला की.” मी म्हणालो, कंपनीवाले असतात.

कट्ट्यावर जात नाही. पाठ दुखते सांगितलंय.

४ मार्च, मंगळवार

टोळ्या परतायला लागल्यात. रस्त्याने ट्रॅक्टर येतात, वर बायका-पोरं, बाजा, पातेली, कोंबड्या. प्रत्येक ट्रॅक्टर दुकानासमोर थांबेल असं वाटतं.

आज एक थांबला.

मी बँकेत गेलो होतो. आलो तर दुकानामागच्या आमच्या खोलीत मनिषा आणि एक बाई चहा पीत बसलेल्या. काळीसावळी, वाळलेली, डोळ्यांखाली धुराचे डाग असावेत तसं काळं. मी आधी ओळखलंच नाही. मी जिचा फोटो मोठा केला होता ती तरणीताठी होती.

“हेच का?” तिने मनिषाला विचारलं. दोघींची जुनी ओळख असल्यासारखं. वर्षाराणीच्या टोळीतली, म्हणून असेल.

मी हात जोडले. पाया पडायला वाकलो तर ती मागे सरकली. “ऱ्हाऊ द्या. मेलेल्याच्या पाया पडत्यात व्हय?”

मग म्हणाली, “तुमी माझ्या कॅसेटीसाठी भांडलात म्हनं. दोन वरसं.”

“हो.”

“मग मला हुडकलं कावून न्हाई कवा? बीडला येता-जाता की तुमी. लिंबागणेशच्या फाट्यावर कुनी बी सांगितलं असतं.”

मी तिच्या बशीत अजून चहा ओतायला गेलो, तिने हात आडवा धरला.

मी म्हणालो, “चतुराबाई, मी उद्या उमापूरला जातो. तुमच्या भावाचे पाय धरतो. सगळं खरं सांगतो. कट्ट्यावरही सांगतो. आता लपवायचं नाही.”

म्हणताना मला हलकं वाटलं. दीड महिन्यात पहिल्यांदा.

तिने बशी खाली ठेवली. “तसं काय करायचं न्हाई.”

मग तिने सांगितलं. शहादेव गंगेवरून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनेच त्याला फोन केला. नंबर कुठून मिळाला ते नाही सांगितलं. म्हणाली, “मी म्हनलं, दादा, फडात मला कावळा शिवला. डोस्क्यावर बसला. बायका म्हनल्या, मेल्याचा खोटा निरोप धाड, सख्खं मानूस रडलं की आलेलं टळतं. आता माझ्यासाठी रडनारं कोन हाय? नवरा गेला, पोरगं पुन्याला. मंग मला तूच आठवलास. तू बोलत न्हाईस, फोन उचलनार न्हाईस, म्हनून त्या फ्लेक्सवाल्याच्या हाता-पाया पडले, बोर्ड लाव म्हनलं. दादा, तू रडलास म्हनून मी जगले.”

“आणि त्यांनी ऐकलं?”

“तिसऱ्या दिवशी फडात येऊन हुबा ऱ्हायला. डोकं केलेला, मिशी न्हाई. मी वळखलाच न्हाई. उसाच्या पाचटात बसला आन् माझा हात सोडंना. मुकादम म्हनला, बाई, काम खोळंबलंय. मी म्हनलं, खोळंबू दे.”

हे कावळ्याचं कुणाला सुचलं, असं मी विचारलं. तिने मनिषाकडे पाहिलं आणि म्हणाली, “बायकांना.” फडातल्या बायका अशा गोष्टींत हुशार असतात.

मी पुन्हा म्हणालो, “पण हे खोटं आहे. मला हे सहन होत नाही. मला सांगू द्या.”

“तुमाला हलकं वाटंल,” ती म्हणाली, “आन् माझं म्हायेर जाईल पुन्हा. माझ्या भावाला कळंल की त्याला मी न्हाई निवडला, तुमच्या चहाच्या ग्लासापायी तो रडला. त्याचं डोकं फुकट गेलं. चालंल का तुमाला?”

मी नाही म्हणालो.

“मंग गप ऱ्हावा. आजवर ऱ्हायलात की.”

जाताना मी कॅसेट तिच्यापुढे धरली. तिने हातात घेतली, कव्हरवरचा आपला चेहरा पाहिला आणि परत दिली. “वाजवायला काय हाय माझ्याकडं?”

६ मार्च, गुरुवार

टोळीकडून कट्ट्याला कळलं. कावळा, निरोप, सगळं. मी मान हलवली फक्त. बंकट म्हणाला, “एवढी मोठी गोष्ट पोटात ठिवलीस! मानलं तुला.” सगळ्यांनी पाठ थोपटली. पाठ दुखते सांगितलं होतं, तरीही.

विजयसिंह मात्र वेगळंच घेऊन बसला. “मंग फेरी पुन्हा घ्या. मी माझा ग्लास मेलेल्या बाईला दिलता, जित्या बाईला न्हाई. जिती असंल तर माझी कव्वालीच भारी.” दोघातिघांनी माना डोलावल्या. एक म्हणाला, खरं सांगायचं तर मला बँडच आवडला होता.

दोन महिन्यांपूर्वीचा मी असतो तर टेबल उलथला असता. आज म्हणालो, घ्या पुन्हा. रविवारी मी नाही, शहादेवने निरोप धाडून मला उमापूरला जेवायला बोलावलंय.

९ मार्च, रविवार

जायचं नव्हतं. मनिषा म्हणाली, “जावंच लागंल. म्या बी येते.”

शहादेवचं घर रस्त्यालगत, पुढे लिंब. तो दारातच उभा होता. डोक्यावर बोटभर पांढरे केस उगवलेले. मला पाहून पुढे आला आणि वाकला. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठा माणूस माझ्या पायाला हात लावायला वाकला. मी धरलं त्याला. तो म्हणाला, “तुमच्या बोर्डानं मला बहीन दिली, सोमेश्वरराव. फोन किती केले तुमाला.”

सगळं घर गोळा झालं होतं. आतल्या दाराशी चतुराबाई नव्या लुगड्यात, भावाने घेतलेल्या. भावजय तिला काम करू देत नव्हती. मनिषा तिच्याशेजारी जाऊन बसली.

पंगतीत मला मधोमध पाट. पुरणपोळी, तूप, आमटी. शहादेव स्वतः वाढत होता. वाढता वाढता पाहुण्यांना सांगत होता. “एवढं मोठं गोत हाय तिचं. सासरचे हायत, पोरगं हाय. पन जीवावर आलं तवा तिनं कुनाचं नाव घेतलं? माझं. एवढा मी वाईट वागलो, तरी म्हनली, रडंल तर माझा दादाच रडंल. निवडलं तिनं मला.” आणि डोळे पुसून त्याच हाताने माझ्या ताटात दुसरी पोळी टाकली.

पहिलीच खाली जात नव्हती. पाणी प्यायलो. पुन्हा पाणी प्यायलो. वाटलं, आत्ता उठावं आणि ओरडून सांगावं सगळ्यांना. मी चतुराबाईकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती. अगदी शांत, ओठांच्या कडेला किंचित हसू. मनाने मोठी बाई आहे, तिने मला माफ केलं असावं.

शहादेवने विचारलं, “पाव्हनं, जेवत का न्हाई?”

“लाजत्यात ते, दादा,” आतून चतुराबाई म्हणाली. “वाढ त्यान्ला अजून. पोट भरूस्तर उठू दिऊ नको.”

त्याने तिसरी पोळी वाढली. वर तुपाची धार धरली आणि मी बस म्हणेपर्यंत थांबायचं म्हणून माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मला बस म्हणता येईना.